तिजोरीची किल्ली कोणाकडे?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. संकटात सापडलेल्यांना भेटायला जाणाऱ्या राजांवरचा तुझा लेख दोनदा वाचला. ‘राजांनी नुसतं भेटायला येऊ नये, तिजोरी उघडावी’ हे वाक्य तू तीन ठिकाणी घातलंयस. एकदा पुरे. आणि त्याआधी किल्ली कोणाकडे आहे ते बघ.

जपानच्या माजी सम्राट अकिहितोंना (2019 मध्ये ते पायउतार झाले) तू कंजूष म्हटलंयस. अगं, महायुद्धानंतरच्या घटनेच्या 88व्या कलमाने तिथल्या राजघराण्याची मालमत्ता सरकारजमा झाली. 8व्या कलमानुसार संसदेच्या संमतीशिवाय त्यांना कोणाला काही देताही येत नाही. (किरकोळ रकमांना कायद्याने सूट आहे.) मग त्यांनी केलं काय? 1991 मध्ये उनझेन ज्वालामुखीने 43 बळी घेतले, तेव्हा ते शिमाबाराला गेले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, टाय नाही, आणि घर सोडून आलेल्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले. वडिलांना जिथे देव मानत, तिथे हे काही जुन्या वळणाच्या लोकांना रुचलं नाही. 2011 च्या त्सुनामीनंतर नासूच्या राजनिवासातली कर्मचाऱ्यांची न्हाणीघरं विस्थापितांसाठी उघडली. नेसत्या कपड्यांनिशी घर सोडलेल्या माणसाला गरम पाण्याची अंघोळ म्हणजे काय, ते मला विचार.

2005 च्या महापुरात कृष्णाकाठच्या एका शाळेत मी पूरग्रस्तांची सोय बघत होतो. एक बडे पाहुणे आले. एका म्हातारीच्या हाती साडी दिली. फोटो नीट आला नाही म्हणून ती परत घेऊन पुन्हा दिली. म्हातारीने विचारलं, ‘‘आता ठेवू का?’’ तू चिडलीयस ती अशाच प्रकारांवर ना? त्या चिडीला माझी हरकत नाही.

पण चीड कोणावर काढायची ते नीट ठरव. स्पेनमध्ये 29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सियात पूर आला. मोबाईलवरचा धोक्याचा इशारा रात्री आठ वाजून गेल्यावर आला, तोवर गावांत पाणी शिरलं होतं. 3 नोव्हेंबरला राजा फेलिपे पायपोर्ता गावात गेला तर लोकांनी चिखल फेकून मारला. पंतप्रधानांना तिथून हलवलं. राजा मात्र थांबला, शिव्या घालणाऱ्यांशी बोलत राहिला. इशारा देणं त्याच्या हाती नव्हतं. ते काम प्रांतिक सरकारचं.

ज्याची सही चालत होती असा राजा हवा असेल तर कोल्हापूर बघ. 1894 मध्ये शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि दोन-तीन वर्षांत दुष्काळ, मागोमाग प्लेग. स्वस्त धान्याची दुकानं निघाली, दुष्काळी कामं निघाली, त्या कामांवरच्या बायकांच्या तान्ह्या लेकरांसाठी शिशुगृहंसुद्धा. (तुझ्या ऑफिसात आहे का पाळणाघर?) पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. राजाने किती केलं, हे मोजायचं तर तिथे मोज.

ब्रिटनबद्दल मात्र तू दोनच ओळी लिहिल्यास, आणि नेमकं तिथेच लिहायला हवं होतं. लँकेस्टरच्या जहागिरीचं उत्पन्न राजाचं खासगी असतं, त्याला संसदेला विचारावं लागत नाही. तुझं तिजोरीचं वाक्य तिथे ठेव. बाकीची दोन खोडून टाक.

दुरुस्त प्रत कागदावर आण. मोबाईलवरचं मला वाचवत नाही.

— काका