१९१४ अखेर भारतात आलेल्या आणि १९१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या ब्रिटिश टेरिटोरियल फोर्सच्या (अर्धवेळ सैनिकांच्या दलाच्या) सैनिकाला पहिल्या महायुद्धातील '१९१४-१५ स्टार' हे पदक का मिळाले नाही?

त्याला हा स्टार मिळाला नाही, कारण तो स्टार ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत रणक्षेत्रात उतरलेल्यांसाठीच होता आणि वायव्य सरहद्दीवरील लढाया वगळता भारतातील छावणीची नोकरी रणक्षेत्रातील सेवा मानली जात नसे. मात्र याच उणिवेमुळे तो अधिक दुर्मीळ अशा टेरिटोरियल फोर्स वॉर मेडलला पात्र ठरू शकतो. हे पदक अशाच अर्धवेळ सैनिकांसाठी १९२० मध्ये सुरू झाले. त्यासाठी युद्ध सुरू झाले त्या दिवशी, म्हणजे ४ ऑगस्ट १९१४ रोजी, तो दलात असणे (किंवा आधीची चार वर्षांची सेवा असून ३० सप्टेंबरपर्यंत पुन्हा भरती होणे), त्याच मुदतीत परदेशी सेवेची तयारी दर्शवणे, युद्धविरामापूर्वी ब्रिटनबाहेर सेवा करणे आणि १९१४ किंवा १९१४-१५ चा स्टार न मिळालेला असणे आवश्यक होते. मेसोपोटेमियातील सेवेमुळे त्याला ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही दोन्ही मिळायला हवीत. भारतातच राहिला असता, तर व्हिक्टरी मेडल हुकले असते. पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक, हुद्दा, नाव व तुकडी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील पदक-नोंदपत्राशी अवश्य ताडून पाहा, कारण निरनिराळ्या सैनिकांची पदके एकत्र करून विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. वेगळे टेरिटोरियल फोर्स एफिशियन्सी मेडल दिसल्यास गोंधळू नका: ते युद्धाचे नसून बारा वर्षांच्या सेवेचे आहे, जरी युद्धकाळातील सेवा त्यात दुप्पट धरली जात असली तरी.