आठवीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत, तर मुंबईतल्या शाळा हजेरीचा आणि वेळेचा एवढा आग्रह का धरतात?

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे : मुलगा आठवीत आहे, हुशार आहे, संध्याकाळी खासगी क्लासला जातो, महिन्यातून तीन-चार दिवस काही ना काही कारणाने घरी राहतो आणि लोकलच्या गर्दीमुळे आठवड्यातून दोनदा तरी प्रार्थना संपल्यावर शाळेत पोहोचतो. शाळेने आता अपुऱ्या उपस्थितीचे पत्र पाठवले आहे, आणि गुण चांगले असताना ही सक्ती कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी मध्य मुंबईतील एका अनुदानित मराठी शाळेत अनेक वर्षे गणित शिकवले आणि वर्गशिक्षिका म्हणून रोजचा हजेरीपट सांभाळला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती स्वीकारली आहे. या परीक्षेत मूल अनुत्तीर्ण झाले, तर त्याला पुनर्परीक्षेची संधी मिळते, पण तीही जमली नाही तर त्याच इयत्तेत राहावे लागू शकते. त्यामुळे ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे वाक्य आपल्या मुलाच्या बाबतीत आता खरे उरलेले नाही.

तरीही माझा मुद्दा परीक्षेचा नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ‘मोफत आणि सक्तीचे’ शिक्षण असे म्हटले आहे, आणि ही सक्ती नेमकी कोणावर आहे हे पालकांनी एकदा वाचून पाहावे असे मला मनापासून वाटते. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. ते मूल रोज शाळेत येते की नाही आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण करते की नाही, यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शासनाची आणि मुंबईत महानगरपालिकेची आहे. शिक्षकाने स्वतः नियमित आणि वेळेवर यावे, आणि मुलाच्या उपस्थितीबद्दल व प्रगतीबद्दल पालकांना वेळोवेळी सांगावे, हेही त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात आहे. शाळेने पाठवलेले पत्र आपल्याला जाच वाटले असेल, पण ते पाठवले नसते तर शाळा आपल्या कर्तव्यात कमी पडली असती. एकविसाव्या शतकातील कायद्याने हे बंधन नव्याने आणले असेही नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकालाच महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता.

उच्च प्राथमिक वर्गांसाठी, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, कायद्याने वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. महिन्याला तीन-चार दिवस म्हणजे वर्षाकाठी तीस ते चाळीस दिवस झाले, आणि सहा दिवसांच्या आठवड्याने मोजले तर पाच ते साडेसहा आठवड्यांची शाळा बुडाली. दहावी-बारावीला नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्यासाठी लागणारी ७५ टक्के उपस्थिती आपण ऐकली असेल. पुष्कळ पालक तिच्याकडे सवलत म्हणून पाहतात आणि ‘अजून इतके दिवस शिल्लक आहेत’ असा हिशेब करतात. वास्तविक २२० दिवसांच्या २५ टक्के म्हणजे ५५ दिवस, दोन महिन्यांहून जास्त शाळा. इतकी शाळा बुडवून कोणाचा अभ्यास नीट झाला आहे असे मी तरी पाहिलेले नाही. दीर्घ आजारपणासारख्या खऱ्या अडचणीसाठी वैद्यकीय कागदपत्रांसह शाळेमार्फत सूट मागता येते. क्लासच्या वेळापत्रकासाठी तशी सूट मागणे मला गैर वाटते. विज्ञान शाखेची मुले कनिष्ठ महाविद्यालयात केवळ नाव घालून दिवसभर क्लासमध्ये बसू लागली, म्हणून २०१८ मध्ये शासनाला मुंबईसह काही विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला होता. ती सवय आठवीपासूनच लागू नये.

मात्र, सलग दहा दिवस तापाने घरी राहिलेल्या मुलाची मला फारशी काळजी वाटत नसे. तो परत आला की त्याचे काय बुडाले हे त्याला, पालकांना आणि आम्हालाही ठाऊक असते, मित्राच्या वह्या येतात आणि मधल्या सुट्टीत शिक्षकही थोडे बसवून सांगतात. आज एक, परवा एक अशी विखुरलेली गैरहजेरी मात्र कोणाच्याच डोळ्यांत येत नाही आणि ती भरून काढायला कोणी बसत नाही. आठवीचे गणित पाहा. विस्तार सूत्रांनंतर बैजिक राशींचे अवयव येतात आणि पुढे बहुपदींचा भागाकार. नववीतील बहुपदी आणि दहावीतील वर्गसमीकरणे याच पायावर उभी आहेत. विस्तार सूत्रे समजावून सांगितली त्या दिवशी जो मुलगा घरी होता, तो दुसऱ्या दिवशी फळ्यावरची सूत्रे उतरवून घेतो, पाठही करतो, घटक चाचणीत गुणही मिळवतो, आणि दहावीत वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना अडतो तेव्हा आपल्याला गणित जमतच नाही अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात त्याला गणित न जमण्याचे काही कारण नव्हते, तो केवळ त्या एका तासाला वर्गात नव्हता. क्लासमध्ये तो भाग झालेला असतो हे मान्य, पण क्लासचा क्रम वेगळा असतो, तेथील मुले वेगवेगळ्या शाळांची असतात, आणि आपल्या मुलाला नेमके काय कळलेले नाही हे पाहण्याइतका वेळ तेथे क्वचितच मिळतो.

शिवाय आठवीपर्यंतचे मूल्यमापन केवळ परीक्षेवर नाही. वर्षभर वर्गातच चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, वर्गकार्य आणि शिक्षकांची दैनंदिन निरीक्षणे धरली जातात. वर्गात नसलेल्या मुलाचे निरीक्षण कशावर करणार?

उशिराबद्दल आपण ‘दहा मिनिटांनी काय बिघडते’ असे लिहिले आहे. रोज दहा मिनिटे धरली तर २२० दिवसांत २२०० मिनिटे होतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या सुमारे साठ तासिका. आपल्या मुलाला आठवड्यातून दोनदा उशीर होतो म्हणून त्याच्या वाट्याला सुमारे एक तृतीयांश येईल, तरी वीस तासिका होतातच. आणि ही दहा मिनिटे बहुधा एकाच विषयाची असतात, कारण वेळापत्रकात पहिली तासिका ठरलेली असते. काल काय शिकवले, गृहपाठात कोठे चुकले, आज काय घ्यायचे, हे सर्व त्याच मिनिटांत सांगून होते. उशिरा आलेले मूल तास मधूनच ऐकू लागते आणि आपल्या येण्याने सगळ्या वर्गाच्या माना वळल्या या संकोचात आणखी काही मिनिटे घालवते. लोकल उशिरा येते हे मुंबईत कोणाला सांगायला नको. पण ज्या मार्गावर ती रोजच रखडते, तेथे एक गाडी आधीची पकडणे हाच उपाय आहे, आणि त्यासाठी रात्री मुलाला अर्धा तास लवकर झोपवावे लागते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय मुलांची झोप होत नाही म्हणूनच आला, परंतु आठवीला तो लागू नाही. जुलैच्या एखाद्या दिवशी रुळांवर पाणी साचले आणि मूल पोहोचू शकले नाही, तर कोणतीही शाळा त्याला दोष देणार नाही. मे महिन्यात गावी गेलेले कुटुंब जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावरही आठवडाभर तेथेच राहते, तेव्हा मात्र दोष पावसाचा नसतो.

हजेरीपटाचा सर्वांत मोठा उपयोग मला वेगळाच वाटतो. माझ्या वर्गातील एक मुलगी रोज उशिरा यायची आणि डायरीतील शेऱ्यांनी काही फरक पडत नव्हता. शेवटी तिला बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले की त्यांच्या वस्तीत नळाला पाणी नेमके शाळेच्या वेळेलाच यायचे, आई पहाटेच कामावर गेलेली असायची, आणि पाणी भरून झाल्याशिवाय तिला निघता येत नसे. सुदैवाने त्याच इयत्तेची एक तुकडी दुपारच्या अधिवेशनात होती, तेथे तिला बदलून दिले आणि उशीर थांबला. ठरावीक वारी गैरहजर राहणाऱ्या मुलाला त्या दिवशीच्या एखाद्या विषयाची धास्ती असते, कधी बसमध्ये कोणी छळत असते, कधी घरात लहान भावंडाला सांभाळायला दुसरे कोणी नसते. मूल हे तोंडाने सांगत नाही, पण नियमाने भरलेल्या हजेरीपटात ते महिन्या-दोन महिन्यांत दिसू लागते. म्हणून तो नीट भरलाच पाहिजे आणि त्यावरून पालकांना विचारलेही पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याच कारणासाठी, उशीर झाला म्हणून मुलाला फाटकाबाहेर ठेवणाऱ्या किंवा उन्हात उभे करणाऱ्या शाळांना माझा विरोध आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ कायद्याच्या १७ व्या कलमाने निषिद्ध आहे, आणि फाटकावरून परत पाठवलेले मूल मुंबईच्या रस्त्यावर एकटे कोठे जाईल याची जबाबदारी कोण घेणार? आपल्या मुलाच्या शाळेत असे घडत असेल, तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार जरूर करा.

आता त्या पत्राचे काय करावे. वर्गशिक्षकांना भेटून महिनावार उपस्थिती मागून घ्या आणि गैरहजर दिवसांचे वार मुलासोबत बसून पाहा. त्या दिवशी कोणत्या विषयांच्या तासिका होत्या हे वेळापत्रकावरून कळेल, आणि गणित व विज्ञानातील बुडालेले घटक पहिल्यांदा भरून घ्या. क्लासच्या परीक्षेसाठी शाळा बुडत असेल, तर क्लासचालकांना वेळ बदलण्यास सांगा, शाळेला नाही. यापुढे रजा लागली तर अर्ज शक्यतो आदल्या दिवशी द्या आणि त्यात खरे कारण लिहा. ‘घरगुती कारण’ एवढेच वाचून शिक्षकाला मदत करता येत नाही.