लायसन्स नसताना पकडलं : चलान, भरती आणि विम्याचं काय?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे चुकीचं उत्तर जायला नको. आतेभाऊ 19 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. कोरेगावहून तुमची गाडी घेऊन साताऱ्यात आला आणि पोवई नाक्यावर अडवला गेला. लायसन्स काढलेलंच नाही. आता तुमच्या मोबाईलवर दोन चलानं आलीत आणि गावातली पोरं म्हणतात, "भरू नका, काही होत नाही."

दोन चलानं आली ती चूक नाही. बिनलायसन गाडी चालवली म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 181 त्याच्यावर, आणि लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली म्हणून कलम 180 मालकावर, म्हणजे तुमच्यावर. दोन्हींना 5000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी 181 चा दंड 500 होता, त्यामुळे जुन्या माणसांना अजून हा विषय चहापाण्याचा वाटतो. आपल्याकडे नवे दर डिसेंबर 2021 पासून आले.

जेलचं टेन्शन घेऊ नका. ही दोन्ही कलमं तडजोडीची आहेत. तडजोड शुल्क भरलं की त्या गुन्ह्यापुरती पुढची कारवाई होत नाही, असं कलम 200 मध्येच आहे. नाही भरलं तर प्रकरण कोर्टाकडे जातं, किंवा आधी लोकअदालतीची नोटीस मोबाईलवर येते. लोकअदालतीत रक्कम कमी होईल या आशेवर लोक थांबतात. कधी होते, कधी नाही, त्याच्या भरवशावर भरतीवाल्या पोराचं प्रकरण लोंबकळत ठेवू नका.

आता भरती. पोरगं घाबरलंय ते याच्यामुळेच, हे कळलं. जागेवर भरून मिटवलेलं चलान आणि पोलीस ठाण्यात नोंद झालेला गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुणाला धडक बसली असती तर भारतीय न्याय संहितेचं कलम 281, आणि जीव गेला असता तर 106 लागलं असतं. ती गोष्ट चारित्र्य पडताळणीत दिसते. नुसतं चलान त्या पंक्तीत बसत नाही. मात्र प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे दंड झाला, तर भरतीत स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन फॉर्ममधल्या "न्यायालयाने कधी दंड केला आहे का" या रकान्यात ते लिहावं लागतं. लिहिलं म्हणून नोकरी जाते असं नाही, लपवलं तर जाऊ शकते. माहिती दडवण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग खटल्यातला निकाल आहे, त्यात किरकोळ प्रकरण आणि गंभीर प्रकरण वेगळं बघायला सांगितलंय, पण फॉर्म खरा भरणं उमेदवाराच्याच अंगावर ठेवलंय. म्हणून म्हणतो, कोर्टापर्यंत जाऊच देऊ नका.

खरं सांगू का, मला या दहा हजारांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. अपघात दाव्यांच्या कामात माझी बरीच वर्षं गेलीत. दावा दाखल झाला की विमा कंपनीचा वकील पहिली गोष्ट कुठली मागतो? चालकाचं लायसन्स. दिलेल्या प्रतीवर तो विश्वास ठेवत नाही, आरटीओकडून नोंदीचा उतारा मागवतो. लायसन्स नाही असं निघालं की कंपनी म्हणते, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला. जखमीचं नुकसान होऊ नये म्हणून अपघात दावे चालवणारं न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या स्वरणसिंग निकालापासून हे चालत आलंय. म्हणजे हप्ता वेळेवर भरलेला, कागद चोख, आणि तरी वसुलीचा दरखास्त अर्ज, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, तुमच्या नावावर. अशा वेळी बँकेतल्या ठेवीवर आणि सातबाऱ्यावर नजर जाते. उसाच्या बिलावर घर चालवणाऱ्याला ते पेलत नाही. शिवाय मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच असतं ना, त्यालाही वैध लायसन्स लागतंच.

एक बरं झालं, पोरगं 19 चं आहे. अठराच्या आतलं असतं तर कलम 199अ : पालक किंवा मालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला 25 वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. वाढदिवसाला बुलेट देणाऱ्या आमच्या भागातल्या हौशी बापांना हे कुणीतरी छापून द्यायला हवं.

लायसन्सचं काम लगेच सुरू करा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारच्या आधाराने लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. लर्निंग सहा महिने चालतं, 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर गाडीला एल लावायचा आणि मागे दोस्त बसवायचा नाही, मागे शिकवणारा असेल तरच चालतं. लायसन्स निघालं की डिजिलॉकरमध्ये ठेवा. मूळ कार्ड घरी राहिलं तरी तिथलं दाखवलेलं ग्राह्य धरतात. "घरी विसरलो" आणि "काढलंच नाही" यांचे दंड वेगळे, हे लक्षात ठेवा.

पैसे भरताना महाट्रॅफिकच्या, म्हणजे वाहतूक पोलिसांच्या ई-चलानाच्या, अधिकृत साइटवर गाडी नंबर टाकून बघा. तिथे फोटो, ठिकाण आणि कलम दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी) आली तर उघडू नका, त्यात खातं रिकामं होतं.

आणि एक विचारायचं राहिलं. गाडी सेकंडहँड घेतली असं तुम्ही लिहिलंय. आरसी तुमच्या नावावर झालीय का? नसेल तर सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या नवीनकुमार निकालानुसार कागदावर ज्याचं नाव तोच मालक, चलानंही त्यालाच आणि दावाही त्याच्यावरच. तुम्हाला मेसेज आलेत म्हणजे निदान मोबाईल तुमचा नोंदलाय, पण नाव वेगळं असू शकतं. बघून सांगा, त्याप्रमाणे पुढचं सांगतो.