वाइन न पिणाऱ्याने फ्रान्सच्या जुन्या द्राक्षप्रदेशातून सायकलने फिरण्यात अर्थ आहे का? असल्यास कोणता भाग निवडावा?

तुम्ही लिहिले आहे की हाताशी आठवडाभराची सुट्टी आहे, रोज तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवण्याची सवय आहे, फ्रान्समधील वाइनचा एखादा ऐतिहासिक प्रदेश सायकलने पाहण्याची इच्छा आहे, पण तुम्ही स्वतः वाइन घेत नाही. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ देते: अर्थ आहे, आणि भरपूर आहे. मी मूळची निफाड तालुक्यातली. घरी द्राक्षबाग आहे आणि नोकरीनिमित्त काही वर्षांपासून लिऑं शहरात राहते. तुम्हाला मी जो मार्ग सुचवणार आहे तो दोनदा केला आहे, आणि दुसऱ्या खेपेला माझे वडील, म्हणजे नाना, बरोबर होते. नाना माळकरी आहेत. वाइनचा थेंबही त्यांनी घेतला नाही, तरीही सात दिवसांत सायकलवरून सर्वांत जास्त वेळा उतरले ते तेच.

माझी शिफारस पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीची आहे. बोर्डोची ख्याती मोठी असली, तरी तिथला मेदोकचा भाग बराचसा सपाट असून मोठमोठ्या हवेल्यांच्या फाटकांबाहेरूनच पाहावा लागतो. ल्वार नदीचा मार्ग सायकलला सर्वांत सोपा आहे, परंतु तो मुख्यतः राजवाड्यांचा प्रवास आहे, द्राक्षांचा नव्हे. बर्गंडीत दिजों शहरापासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत डोंगराच्या पूर्व उतारावर सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी जेमतेम किलोमीटरभर रुंदीची एक पट्टी आहे. जगातील सर्वांत महाग वाइनपैकी बऱ्याच वाइन या चिंचोळ्या पट्टीत होतात, आणि मोटारीतून जाणाऱ्याची ती तासाभरात संपते. सायकलवर मात्र दर दोन-तीनशे मीटरवर जमिनीचा रंग, उतार आणि बांधावरच्या दगडी कुंपणाची उंची बदललेली लक्षात येते, आणि या प्रदेशाचा सगळा इतिहास नेमका त्या बदलातच आहे.

तिथे शेताच्या तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. या शब्दाचा हवामानाशी थेट संबंध नाही; ठरलेल्या हद्दीचा, स्वतःचे नाव असलेला आणि शेकडो वर्षांपासून वेगळा ओळखला जाणारा तुकडा, असा त्याचा अर्थ आहे. असे 1247 क्लिमा मोजले गेले असून 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरात कोणी नंबर घेऊन बोलत नाही. ‘विहिरीकडचं वावर’, ‘आंब्याची पट्टी’ असेच म्हणतात. तिथेही तेच आहे, फक्त ती नावे बाटलीवर छापली जातात. मर्सो गावाजवळच्या ‘पेरिएर’चा अर्थ दगडाच्या खाणी, बोनजवळच्या ‘क्लो दे मूश’मधल्या माश्या म्हणजे मधमाश्या, आणि जगप्रसिद्ध ‘मोंराशे’ म्हणजे चक्क टकला डोंगर. हे अर्थ मी नानांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपल्या खडकाळीसारखंच की. फक्त आपल्या खडकाळीत काही येत नाही.”

आता मार्ग. सुरुवात दिजोंहून करावी आणि पहिल्या दिवशी जेव्रे-शांबेर्तांपर्यंतच जावे. नकाशावर डी 974 हा मोठा रस्ता सरळ आणि मोहक दिसतो, पण त्यावर ट्रकांची वर्दळ असते. त्याला समांतर, वरच्या अंगाने द्राक्षबागांमधून जाणारा डी 122 हा छोटा रस्ता घ्यावा. मोठ्या रस्त्याचा एक उपयोग मात्र आहे. बऱ्याच ठिकाणी त्याच्या पश्चिमेला, चढाच्या बाजूला, नामांकित बागा असतात आणि पूर्वेला सपाटीवर साध्या. उताराच्या मधल्या भागात चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण योग्य असते, पाण्याचा निचरा होतो आणि सकाळचे ऊन लवकर मिळते. खाली सपाटीवर माती जाड होते व पाणी साचते. हे सिताई साधूंनी, म्हणजे 1098 मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या लोकांनी, पिढ्यान्‌पिढ्या निरीक्षण करून ओळखले होते.

त्याच साधूंचा क्लो द वूजो दुसऱ्या दिवशी लागतो. सुमारे पन्नास हेक्टरची, म्हणजे सव्वाशे एकरांची, दगडी भिंतीने वेढलेली ही एकच बाग आहे, आणि आत लाकडाची प्रचंड जुनी दाबयंत्रे आजही उभी आहेत. त्यांचे खोड पाहिल्यावर आपल्या जुन्या तेलघाण्याची आठवण येते. फ्रेंच राज्यक्रांतीत ही बाग मठाकडून काढून घेऊन विकण्यात आली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती बव्हंशी एकाच मालकाकडे राहिली. पुढे तिची विक्री आणि वाटण्या होत गेल्या, आणि आज त्या एकाच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. काहींकडे अवघ्या काही ओळी आहेत. वाटणीने जमिनीचे काय होते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. फरक इतकाच की तिथे दोन ओळींच्या मालकालाही त्या नावावर भाव मिळतो.

वूजोपासून थोड्याच अंतरावर व्होन-रोमाने हे गाव आहे. गावामागच्या वाटेने वर गेले की एक साधा दगडी क्रूस आणि गुडघ्याएवढी भिंत दिसते. तीच रोमाने-कोंती: 1.8 हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. पहा, पण आत पाऊल टाकू नका, अशी विनंती करणारी पाटी तिथे आहे आणि ती मनापासून पाळावी. नाना भिंतीबाहेर उभे राहून बराच वेळ वेली पाहत होते. आपल्याकडे मांडवावर वेल डोक्याच्याही वर चढवतात आणि एकरी आठ-नऊशे झाडे असतात. तिथे हेक्टरी सुमारे दहा हजार, म्हणजे एकरी चार हजार, आणि वेलीची उंची माणसाच्या कमरेच्या आसपास. “ही बाग आहे की मेथीचा वाफा?” हा त्यांचा पहिला अभिप्राय होता.

तिसऱ्या दिवशी न्वी-सॅं-जॉर्जमार्गे बोन या गावी पोहोचावे आणि तिथे दोन रात्री काढाव्यात, कारण हा प्रदेश समजून घ्यायचा तर ओतेल-द्यू पाहण्याला पर्याय नाही. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलॅं आणि त्याची पत्नी गिगोन द सालॅं यांनी 1443 मध्ये गोरगरिबांसाठी हे रुग्णालय स्थापन केले, आणि ते विसाव्या शतकापर्यंत रुग्णालय म्हणून चालू होते. अंगणातून दिसणारे रंगीत, चकचकीत कौलांचे छप्पर सर्वांनाच आवडते, परंतु मला आठवत राहिले ते रुग्णांचे लांबलचक दालन: दोन्ही बाजूंना लाल पडद्यांचे पलंग, आणि टोकाला प्रार्थनेची जागा, म्हणजे अंथरुणावरूनही पूजा दिसावी. लोकांनी या रुग्णालयाला द्राक्षबागा दान दिल्या, आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असे तशा. त्या बागांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होत आला आहे, दर वर्षी नोव्हेंबरमध्ये. नानांना वाइनविषयी जो काही राग होता तो या दालनात बराच निवळला.

बोनपासून सांतनेपर्यंतचा सुमारे बावीस किलोमीटरचा ‘व्हा दे व्हीन्य’, म्हणजे द्राक्षवाट, हा संपूर्ण प्रवासाचा गाभा आहे. पोमार, वोल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे अशी गावे एकामागून एक येतात. जागोजागी सायकलच्या पाट्या आहेत आणि बरीचशी वाट ट्रॅक्टरसाठी केलेल्या अरुंद सिमेंटच्या रस्त्यांवरून जाते. ते रस्ते शेतकऱ्यांचे आहेत, आपण पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवावे. समोरून उंच, लांब पायांच्या कोळ्यासारखा ट्रॅक्टर येतो, जो ओळीच्या वरून चालतो आणि ज्याची चाके दोन्ही बाजूंच्या सरींत असतात. तो दिसला की बाजूला उतरून थांबावे, विशेषतः फवारणी चालू असेल तर. मे-जूनमध्ये पानांवर निळसर झाक दिसते. नानांनी एका पानावरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि म्हणाले, “मोरचूद.” तेच होते. मोरचूद आणि चुना यांचे जे बोर्डो मिश्रण आपण डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी मारतो, ते 1880 च्या दशकात फ्रान्समध्येच, बोर्डोच्या परिसरात, मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामातून आले. नाव आपण रोज घेतो, पण ते एका गावाचे नाव आहे हे नानांना सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

वोल्नेच्या खाली मजूर वाकून वेलींच्या बुडाशी काम करत होते. नानांनी दुरूनच ओळखले की वांझफूट, म्हणजे बुडाशी फुटणारे निरुपयोगी कोंब, काढणे चालू आहे, आणि मला भाषांतराला बसवून तिथल्या शेतकऱ्याशी बोलणे सुरू केले. पहिला प्रश्न, खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात तो, कोणता? त्याने 161-49 असा आकडा सांगितला. फायलॉक्सेरा या किडीने 1870 च्या दशकापासून या प्रदेशातील वेलींची मुळे खाल्ली आणि त्यानंतर सगळी लागवड अमेरिकी रक्ताच्या खुंटांवर कलम करून पुन्हा उभी राहिली. आपला डॉगरिज खुंटही अमेरिकेचाच, फक्त आपण तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी घेतला. मग त्याने छाटणी दाखवली: एक लांब काडी आणि पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांची खुंटी, वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. नानांनी बोटांवर एप्रिल आणि ऑक्टोबर मोजून आपल्या दोन छाटण्या सांगितल्या तेव्हा त्या गृहस्थाने कपाळाला हात लावला. गारपिटीचा विषय निघाला, तेव्हा मात्र भाषांतराची फारशी गरज पडली नाही. 2012, 2013 आणि 2014 अशी लागोपाठ तीन वर्षे या उतारावर गारा पडल्या होत्या. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे काय झाले ते नानांनी हातानेच दाखवले. निघताना नाना म्हणाले, “आपल्याकडे मान दुखते, यांची कंबर दुखते, एवढाच फरक.”

वाइन न घेण्याची अडचण होईल का, या तुमच्या शंकेबद्दल: होत नाही. तळघर पाहायचे असेल तर आधी वेळ ठरवून जावे आणि आपण घेत नाही हे आल्याआल्या सांगावे. चव घेऊन थुंकण्याची पद्धत तिथे रूढ असल्याने ग्लास नाकारणाऱ्याकडे कोणी विचित्र नजरेने पाहत नाही. लहान तळघरांत बाटली न घेता तासभर मालकाचा वेळ घेणे मला बरे वाटत नाही, म्हणून आम्ही एक-दोन बाटल्या मित्रांसाठी घेतल्या. बरोबरचे कोणी घेणार असेल, तर रक्तातील अल्कोहोलची लिटरमागे 0.5 ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, हे त्यांना सांगून ठेवा.

खरी अडचण जेवणाची आहे. दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ चुकली की चुकली; आम्ही एका सोमवारी अडीच वाजता शासान्यला पोहोचलो तेव्हा अख्ख्या गावात खायला काही मिळाले नाही, आणि भिंतीच्या सावलीत बसून दशमी व शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शाकाहारी असाल तर पाव, चीज आणि फळे पिशवीत असू द्यावीत. बागांत सावली नसते, त्यामुळे पाणी भरपूर घ्यावे. संपले तर गावाच्या दफनभूमीत सहसा नळ असतो, फक्त पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना ते पाहावे. हंगाम मेअखेर ते जूनअखेर हा उत्तम. सप्टेंबरमध्ये तोडणी पाहायला मिळते हे खरे, पण मग बोलायला कोणालाच उसंत नसते. वडीलधारे बरोबर असतील तर विजेवर चालणारी सायकल भाड्याने घ्यावी, आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी ब्रेक स्वतः दाबून पाहावेत; पहिल्या खेपेला मला मिळालेल्या सायकलचे मागचे ब्रेक पार झिजलेले होते आणि ते मला वोल्नेच्या उतारावर कळले.

सांतनेनंतर दोन दिवस उरतात. तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या कालव्याच्या काठाने शान्यीमार्गे शालोंपर्यंत सपाट वाट आहे. पुढे जिव्री ते क्लूनी हा जुन्या रेल्वेमार्गावर केलेला, 1997 मध्ये खुला झालेला सुमारे 44 किलोमीटरचा हरितमार्ग लागतो. चढ नाही, मोटारी नाहीत. क्लूनीचा मठ 910 सालचा. रोममधील नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे चर्च इथे होते, आणि राज्यक्रांतीनंतर ते पाडून त्याचे दगड विकले गेले. उरलेला एक मनोरा पाहून बाकीच्याचा अंदाज करावा लागतो.

क्लूनीहून माकोंकडे निघाल्यावर सुमारे 1.6 किलोमीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. उन्हाळ्यातही आत इतका गारठा असतो की पिशवीच्या तळाशी टाकलेला स्वेटर अलीकडच्या तोंडाशीच काढून ठेवावा. माकोंहून प्रादेशिक रेल्वेत सायकल जशीच्या तशी चढवता येते, आणि ती बोनच्या दुकानातून घेतली असेल तर तासाभरात तिथे परत येऊन जमा करता येते.