स्वस्त पेट्रोलसाठी किती लांब जावे?
वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नोकरी डबऱ्यात, शेती भितरवारच्या बाजूला. मोटरसायकल रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर धावते. हायवेवरचा एक पंप घराजवळच्या पंपापेक्षा साठ पैशांनी स्वस्त आहे, आणि झाशीकडे तर लिटरमागे अकरा रुपये वाचतात म्हणे. मुद्दाम तिकडे जाऊन टाकी भरणे परवडेल का? (डबरा)

उत्तर: एकाच जिल्ह्यातला पैशांचा फरक मुख्यतः डेपोपासूनच्या वाहतूकखर्चाचा असतो. दोन राज्यांतला फरक मात्र व्हॅटचा, म्हणजे राज्याच्या विक्रीकराचा. पेट्रोल जीएसटीत नाही. मध्य प्रदेशचा कर उत्तर प्रदेशापेक्षा बराच जड आहे. धोलपूरचा विचार सोडा, राजस्थानचा करही चढाच.

आता हिशेब. टाकीत 9 लिटर बसले तर 11 रुपयांप्रमाणे 99 रुपये वाचतील. दर 106 आणि मायलेज 50 धरले तर एका किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आतबाहेर पेट्रोल जळते. म्हणजे जाऊन-येऊन साधारण 45 किलोमीटरला बचत संपली. डबऱ्याहून हद्दीपलीकडचा पंप गाठून परत यायला शंभरएक किलोमीटर होतात, तेव्हा ही फेरी सरळ तोट्याची. चारचाकीने जमेल असेही नाही: 30 लिटर भरले आणि मायलेज 15 असले तरी उत्तर पंचेचाळीसच्या आसपासच येते. झाशीला काही कामाने जाणारच असाल, तर इथून पोचण्यापुरतेच भरा आणि परतताना टाकी फुल करा.

हायवेच्या पंपाचे साठ पैसे 9 लिटरला साडेपाच रुपयेही होत नाहीत. अडीच किलोमीटरचा वळसा पडला की तेही गेले. वाटेवर असेल तरच तिथे थांबा. दर रोज सकाळी 6 वाजता बदलतात. इंडियन ऑइलच्या पंपाचा दर RSP, मोकळी जागा आणि डीलर कोड असा एसएमएस 9224992249 वर पाठवून कळतो.

मायलेज अंदाजाने धरू नका. नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, दोन-अडीचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तसेच भरा आणि भागाकार करा. आकडा अचानक घसरला असेल तर आधी चाकातली हवा बघा, तीही गाडी थंड असताना. मग एअर फिल्टर. शेतरस्त्याच्या धुळीने तो लवकर तुंबतो. थोडी घट इथेनॉलचीही असते. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते.

प्रश्न: माप कमी देतात असा संशय आहे. कसे तपासावे? (मुरार)

उत्तर: प्रत्येक पंपावर नापतोल विभागाचा शिक्का असलेले 5 लिटरचे माप असते आणि ग्राहकाने मागितले तर मोजून दाखवावेच लागते. माप आधी पेट्रोलने ओले करून रिकामे करा, सपाट जागी ठेवा, भरल्यावर गळ्यावरची रेघ वाचा. 25 मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते. तूट त्याहून जास्त निघाली तर नापतोल विभागाकडे तक्रार करा.

प्रत्यक्षात फसवणूक यंत्रापेक्षा हातचलाखीनेच जास्त होते. तुम्ही 300 सांगता, तो 100 वर थांबतो, "ऐकूच आलं नाही" म्हणतो आणि आकडा शून्यावर न आणता पुढे चालू करतो. मिळते 300 चे, पैसे जातात 400 चे. गाडीवरून उतरून आकड्याकडे बघत राहा. 100 ऐवजी 110 चे भरल्याने यात काहीच फरक पडत नाही. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळते हाही भ्रमच; टाक्या जमिनीखाली असतात, तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही.

प्रश्न: गावात किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल मिळते. अडीअडचणीला घ्यावे का? (घाटीगाव)

उत्तर: घेऊ नये. दर जास्त, माप बाटलीचे, आणि परवान्याशिवाय असे विकणे बेकायदा. पावसाळ्यात तर पाणी गेलेच समजा. इथेनॉल ते ओढून घेते, प्रमाण वाढले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. नाइलाजाने घेतलेच तर फिल्टर पेपरवर एक थेंब टाका. दोन मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक. फिकट गुलाबी छटा पेट्रोलच्या रंगाची असू शकते, पण तेलकट काळपट डाग राहिला तर टाकीत ओतू नका.