मुंबईत बी.कॉम. झाल्यावर थेट हेज फंड मॅनेजर होता येतं का?

थेट नाही, आधी ब्रोकिंग हाऊसच्या रिसर्च डेस्कवर किंवा प्रॉप ट्रेडिंगमध्ये (कंपनीच्या स्वतःच्या पैशाने केलेलं ट्रेडिंग) काही वर्षं काढावीच लागतात. कारण पैशाचं आहे. आपल्याकडे हेज फंड म्हणजे सेबीच्या 2012 च्या नियमांखालचा कॅटेगरी 3 एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून चालवलेला खासगी फंड): योजनेचा निधी किमान 20 कोटी, एकेका गुंतवणूकदाराचे किमान 1 कोटी (मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांना यात सूट), शिवाय मॅनेजर किंवा प्रायोजकाचा स्वतःचा वाटा निधीच्या 5 टक्के किंवा 10 कोटी, जे कमी असेल ते. इतकी रक्कम देणारा माणूस ट्रॅक रेकॉर्ड बघतो. नुसता नफा नव्हे, सर्वात मोठी घसरण किती आणि लीव्हरेज (उसन्या पैशाने वाढवलेली गुंतवणूक) किती वापरलं हेही विचारतो. नवखे नेमके तिथेच अडकतात. एनआयएसएमचं (सेबीने स्थापन केलेली प्रशिक्षण संस्था) प्रमाणपत्र जरूर घ्या, पण तेवढ्यावर फंड उभा राहत नाही.