आतड्यांचा दाह : कारण आणि परिणाम यांतील गुंता

प्रश्न : माझ्या वडिलांना क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह, आहे. जनुकीय चाचणी केली तर मलाही तो होईल का, हे कळेल का?

उत्तर : नाही. २००१ मध्ये नॉड-२ या जनुकाचा क्रोन्सशी असलेला संबंध उघड झाला आणि त्यानंतर आतड्यांच्या दाहक आजारांशी निगडित अशी २०० हून अधिक जनुकीय स्थाने सापडली. पण त्यांतील बहुतेकांचा एकेकटा परिणाम अगदी थोडा असतो. नॉड-२ मधील सदोष बदल असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स झाला, तरी दुसरा बहुधा त्यातून सुटतो. वडिलांमुळे तुमचा धोका इतरांपेक्षा वाढतो एवढे खरे, मात्र चाचणीचा अहवाल त्यात फारशी भर घालणार नाही.

प्रश्न : रुग्णांच्या आतड्यांतील उपकारक जीवाणू कमी झालेले असतात, असे वाचले. मग तेच आजाराचे मूळ नव्हे काय?

उत्तर : रुग्णाचे नमुने तपासून हा प्रश्न सुटत नाही, कारण दाहामुळेही जीवाणूंचे प्रमाण बदलते, आणि औषधांमुळेही. उंदरांवरील प्रयोग अधिक बोलके आहेत. दाह आवरणारे इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन तयार न करू शकणाऱ्या उंदरांच्या मोठ्या आतड्याला सूज येते, पण तेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले तर ती येत नाही. म्हणजे जीवाणू लागतात, पण ते खपवून न घेणारी प्रतिकारयंत्रणाही लागते. माणसांतही याचा पडताळा मिळाला : २००९ मध्ये, तान्ह्या वयातच तीव्र दाह सुरू झालेल्या काही मुलांत इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहकात (पेशीवर त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनात) दोष आढळला, आणि त्यांच्यापैकी एकाला रक्तपेशी घडवणाऱ्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणाने आराम पडला. अशी मुले अत्यंत विरळा, म्हणून हा निष्कर्ष सर्वांना लावता येत नाही. माझ्या मते खरी आशा आहे ती रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांचा आजार सुरू होण्याआधीपासून वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांकडून, कारण आधी काय बदलले हे फक्त तिथेच दिसू शकते.

प्रश्न : धूम्रपानाने अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्यात व्रण पाडणारा दुसरा दाहक आजार) टळतो, हे खरे का?

उत्तर : धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी आढळतो आणि सोडणाऱ्यांत काही काळ वाढतो, उलट क्रोन्सचा धोका धूम्रपानाने वाढतो. दोन्ही आजारांचे मार्ग वेगळे असल्याचा हा संशोधकांसाठी मोलाचा धागा आहे, सिगारेट ओढण्याची सबब नव्हे.